अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा आणि मुलाखत: १२८ प्रश्न पाठ करण्याआधी काय काय करायचं

ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली की पुण्यातल्या घराघरांत एकच कार्यक्रम सुरू होतो. १२८ प्रश्नांची प्रिंट काढायची, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालायची आणि पाठांतराला बसायचं. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सॅन होजेला आणि आई-बाबा वर्षातले काही महिने इकडे, काही तिकडे, अशा घरांत तर हे हमखास. पाठांतर करायचंच आहे, पण ते बरंच नंतरचं काम आहे. ज्यांनी आयुष्यभर परीक्षा दिल्या आणि घेतल्या अशा पिढीला इतिहास-नागरिकशास्त्राचे प्रश्न फारसे जड जात नाहीत. माणसं अडकतात ती प्रवासाच्या तारखांत, टॅक्समध्ये, नावांच्या घोळात आणि फॉर्ममधल्या साध्या 'हो की नाही'मध्ये. म्हणून खालचा क्रम तसाच पाळा.

एक गैरसमज आधीच दूर करू. ही मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होत नाही. बोटांचे ठसे, मुलाखत आणि शपथ, तिन्ही अमेरिकेतच. पुण्यात बसून करता येते ती तयारी, आणि ती मात्र भरपूर करता येते.

पायरी १: अर्ज करता येतो का, ते दिवस मोजून ठरवा

सर्वसाधारण नियम ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांचा. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि दोघं एकत्र राहत असाल तर तीन वर्षांचा. ही मुदत पूर्ण होण्याआधी ९० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. पण 'पाच वर्षं झाली' एवढ्यावर भागत नाही. दोन वेगळे हिशोब असतात आणि दोन्ही जमावे लागतात.

पहिला हिशोब, प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेल्या दिवसांचा. पाच वर्षांत किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस. तीन वर्षांच्या नियमात १८ महिने. दुसरा हिशोब, सलग वास्तव्याचा. एकाच खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं, आणि ते तुटलेलं नाही हे पुराव्यानिशी तुम्हाला दाखवावं लागतं: तिथलं घर, टॅक्स, कुटुंब, नोकरी. एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलात तर ते तुटतंच. मग परत गेल्यापासून साधारण चार वर्षं आणि एक दिवस थांबून नव्याने अर्ज.

आता आपल्याकडचा नेहमीचा नमुना घ्या. दरवर्षी दिवाळीला यायचं आणि साडेपाच महिने राहून परत जायचं. 'सहा महिन्यांच्या आत' म्हणून मंडळी निर्धास्त असतात. पाच वर्षांत साडेसत्तावीस महिने बाहेर, साडेबत्तीस आत. आकडा कसाबसा बसतो. पण प्रत्येक वर्षी जवळजवळ अर्धा काळ पुण्यात काढलेला दिसला की अधिकारी विचारणारच, तुमचं घर नेमकं कुठे आहे? तिथे बँक खातं, डॉक्टर, राज्याचं ओळखपत्र, टॅक्स काहीच नसेल तर उत्तर अवघड होतं. आणि सात महिने इकडे, पाच तिकडे असा पाळणा असेल तर गणित सरळच फसतं: पाच गुणिले पाच, पंचवीस महिने. अर्ज करूच नका, आधी राहणं बदला.

याशिवाय ज्या राज्यातून किंवा विभागातून अर्ज करणार तिथे अर्जाआधी तीन महिने राहिलेलं असावं लागतं. हिवाळ्यात मुलीकडे, उन्हाळ्यात मुलाकडे असं फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

*सावध:* 'आम्ही री-एंट्री परमिट काढलंय, त्यामुळे काळजी नाही' हे वाक्य फार ऐकू येतं. त्या परमिटने ग्रीन कार्ड वाचवायला मदत होते. नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य त्याने टिकत नाही.

पायरी २: प्रवासाची यादी, आणि त्यातला तारखांचा सापळा

एन-४०० हा अर्जाचा फॉर्म. त्यात गेल्या पाच वर्षांतला २४ तासांहून मोठा प्रत्येक परदेशप्रवास लिहायचा असतो. कॅनडात नायगारा बघायला दोन रात्री गेला असाल तर तोही.

चूक इथे होते: मंडळी पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून यादी करतात. तुम्ही नेवार्कहून १० तारखेला रात्री निघालात तर मुंबईचा शिक्का ११ किंवा १२ तारखेचा असतो. फॉर्मला हवी आहे अमेरिका सोडल्याची तारीख, म्हणजे १०. परतीचा घोळ याच्या उलट. मुंबईहून विमान रात्री दीडला, १५ तारखेचं. तुम्ही पुण्यातून १४ तारखेला दुपारी कॅबने निघालात म्हणून डोक्यात १४ पक्की बसलेली असते. शिवाय अमेरिका बाहेर जाणाऱ्याच्या पासपोर्टवर शिक्का मारत नाही, त्यामुळे ती तारीख पासपोर्टात सापडणारच नाही.

म्हणून तीन गोष्टी समोर ठेवा: जुने आणि नवे सगळे पासपोर्ट, ई-मेलमधली तिकिटं, आणि आय-९४च्या, म्हणजे अमेरिकेत आल्या-गेल्याच्या नोंदीच्या, सरकारी संकेतस्थळावरचा प्रवास-इतिहास. तिन्ही ताडून एक्सेलमध्ये किंवा वहीत चार रकाने करा: अमेरिका सोडली, अमेरिकेत परतलो, देश, दिवस. सोडल्याचा आणि परतल्याचा दिवस अमेरिकेतलाच धरला जातो, त्यामुळे मधलेच दिवस मोजा. जुना पासपोर्ट 'रद्द झालाय' म्हणून माळ्यावर टाकला असेल तर तो उतरवा. मुलाखतीला तोही न्यायचा आहे.

*तपासा:* एकूण बाहेरचे दिवस ९१२ पेक्षा बरेच कमी आहेत ना? काठावर असाल तर दोन महिने थांबून अर्ज करा. घाईने काहीच मिळत नाही.

पायरी ३: नावं, टॅक्स आणि जुनी प्रकरणं

*नावं.* फॉर्म विचारतो, जन्मापासून आणखी कोणती नावं वापरली? आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि कित्येक काकूंचं तर पहिलं नावही बदललेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर एक, लग्नाच्या नोंदीत दुसरं, पासपोर्टवर तिसरं. ही सगळी नावं फॉर्ममध्ये लिहायची. लपवण्यासारखं त्यात काही नाही. राहून गेलं तर मात्र ठशांच्या तपासणीत वेगळं नाव वर आलं की प्रश्न निघतो. लग्नाचा दाखला महापालिकेतून आधीच काढून ठेवा. राजपत्रात नावबदल छापून आला असेल तर त्याची प्रत ठेवा.

मराठी कागद द्यायचा झाल्यास पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं सहीनिशी लिहून दिलं की पुरतं. त्यासाठी शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरीच्या टेबलाशी रांग लावायची गरज नाही. आपल्याला शिक्क्याशिवाय कागद खरा वाटत नाही, ही आपली अडचण आहे, त्यांची नाही.

*टॅक्स.* ज्येष्ठांच्या अर्जात सगळ्यात दुखरी जागा हीच. ग्रीन कार्डधारकाचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या टॅक्समध्ये मोजलं जातं. पुण्यातल्या बँकेतल्या एफडीचं व्याज, दुकानाचं भाडं, पेन्शन, सगळं. 'भारतात टीडीएस कापलाय' म्हणून तिथे सांगायचं राहत नाही. दुहेरी कर टाळायची सोय आहे, पण आधी उत्पन्न दाखवावं लागतं. परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर त्याची एफबार ही वेगळी माहिती द्यावी लागते.

फॉर्ममध्ये थेट प्रश्न आहे: ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर कधी टॅक्स रिटर्नमध्ये स्वतःला 'नॉनरेसिडेंट' म्हटलंय का, किंवा त्या कारणाने रिटर्न भरायचं टाळलंय का? इथे पुण्याचे सीए आणि तिकडचे सीपीए यांच्यात माणूस चेंगरतो. भारताच्या हिशोबात तुम्ही 'एनआरआय' असू शकता. त्याचा अमेरिकेच्या 'नॉनरेसिडेंट'शी काही संबंध नाही. दोन्हींची गल्लत करून कोणी तुमचं अमेरिकन रिटर्न चुकीच्या फॉर्मवर भरलं असेल तर अर्जाआधी ते दुरुस्त करून घ्या. पाच वर्षांचे टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचे सरकारी उतारे, आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) संकेतस्थळावरून फुकट मिळतात.

*जुनी प्रकरणं.* अटक, ताब्यात घेणं, खटला, जगात कुठेही आणि कितीही जुना, सांगायचा. कॉलेजात असताना मोर्चात पोलिसांनी गाडीत घालून संध्याकाळी सोडलं होतं, चेक न वटल्याची केस होती आणि मिटली, भाऊबंदकीत एफआयआर झाला होता: हे सगळं 'अटक किंवा ताब्यात घेतलं का' या प्रश्नात येतं. निकालाची प्रमाणित प्रत कोर्टातून काढायला वेळ लागतो, म्हणून हे काम पुण्यात असतानाच उरका. आणि असं काही असेल तर अर्ज भरण्याआधी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा. काही गुन्ह्यांत नागरिकत्व तर राहोच, ग्रीन कार्डही धोक्यात येतं.

*सावध:* पुण्यात 'सिटिझनशिपचं सगळं करून देतो' म्हणणारे एजंट भेटतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक वकिलाला किंवा तिथल्या न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीलाच आहे. अभ्यासाचं सगळं साहित्य यूएससीआयएस, म्हणजे ज्या खात्याकडे हा अर्ज जातो तेच खातं, फुकट देतं. त्याच प्रश्नांच्या झेरॉक्ससाठी पैसे मोजू नका.

पायरी ४: तुम्हाला नेमकी कोणती परीक्षा लागू आहे?

'पासष्ट झाली की इंग्रजी माफ' ही पुण्यात पक्की रुजलेली अफवा आहे. माफी नुसत्या वयावर मिळत नाही, वय अधिक ग्रीन कार्डाची वर्षं असा तो हिशोब आहे, आणि दोन्ही अर्ज करतानाच्या दिवशी मोजतात.

पन्नास वर्षं वय आणि ग्रीन कार्डाला वीस वर्षं, किंवा पंचावन्न वय आणि पंधरा वर्षं: इंग्रजीची परीक्षा माफ. नागरिकशास्त्राची द्यावीच लागते, पण दुभाषा घेऊन मराठीत देता येते. पासष्ट वय आणि वीस वर्षं: इंग्रजी माफ, शिवाय फक्त तारांकित २० प्रश्नांचा अभ्यास, त्यातले १० विचारतात, ६ बरोबर लागतात.

म्हणजे साठाव्या वर्षी मुलाने बोलावून ग्रीन कार्ड मिळालेल्या बाबांना पासष्टाव्या वर्षी कोणतीच सवलत नाही. त्यांना इंग्रजी आणि पूर्ण परीक्षा दोन्ही द्यायचं आहे. हे मुलाखतीच्या महिनाभर आधी कळलं की घरात हाहाकार होतो.

आजारामुळे शिकणं किंवा लक्षात ठेवणं शक्य नसेल, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंश, तर एन-६४८ हा वैद्यकीय फॉर्म आहे. तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरनेच किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनेच भरायचा. डेक्कनवरच्या तुमच्या वीस वर्षांच्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र आधाराला ठीक, पण फॉर्मवर त्यांची सही चालत नाही. आणि 'वय झालंय, विसरायला होतं' हे कारण पुरत नाही.

पूर्ण परीक्षा कोणती, ते अर्जाच्या तारखेवर ठरतं. २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर अर्ज केला असेल तर २०२५ची परीक्षा: १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर हवेत. बारा बरोबर आले की किंवा नऊ चुकले की अधिकारी थांबतो. त्याआधी अर्ज केला असेल तर जुनी, १०० प्रश्नांची. त्यात १० विचारतात आणि ६ बरोबर लागतात. चुलतभावाने दिलेली जुनी वही घेऊन बसण्याआधी हे बघा.

पायरी ५: अर्ज भरा आणि तिथेच थांबा

ऑनलाइन अर्जाची फी ७१० डॉलर, कागदी अर्जाची ७६०. उत्पन्न कमी असल्यास सवलत आहे. मुलं फॉर्म भरून देतात हे ठीक, पण भरलेला फॉर्म आई-बाबांनी ओळीनओळ वाचलाच पाहिजे. सही त्यांची आहे आणि प्रश्नही त्यांनाच विचारणार आहेत. सादर केलेल्या फॉर्मची प्रिंट काढा. पुढच्या सगळ्या तयारीचं ते पाठ्यपुस्तक आहे. १२८ प्रश्न त्यानंतर.

अर्ज केला आणि लगेच पुण्याला आलो, असं करू नका. ठशांची आणि मुलाखतीची पत्रं अमेरिकेतल्या पत्त्यावर जातात, तारीख ते ठरवतात. मुलाच्या घरून दुसऱ्या घरी राहायला गेलात तर दहा दिवसांत पत्ता कळवावा लागतो. भाचीच्या लग्नाला यायचंच असेल तर छोटी खेप करा, तिची नोंद ठेवा; मुलाखतीत 'अर्जानंतर कुठे गेला होता का?' हे विचारतातच.

पायरी ६: फॉर्मची भाषा — इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा नसते. अधिकारी तुमचा फॉर्म समोर ठेवून प्रश्न विचारतो आणि त्या गप्पांतूनच तुमचं इंग्रजी जोखतो. 'आज इथपर्यंत कसे आलात?' हाही परीक्षेचाच भाग.

आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांची अडचण इंग्रजी न येण्याची नसते. न कळलेल्या प्रश्नालाही मान हलवून 'येस, येस' म्हणण्याची असते. 'हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड?' 'येस, येस.' बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या, इंग्रजी पेपर रोज वाचणाऱ्या गृहस्थांकडून सरावात हे उत्तर येताना मी ऐकलं आहे. आपली ती आडवी डोलणारी मान तर अमेरिकन माणसाला हो आहे की नाही, कळतच नाही. पहिला सराव म्हणजे मान स्थिर ठेवून तोंडाने पूर्ण शब्द: 'नो, आय हॅव नॉट.' 'येस, आय हॅव.'

दुसरं, 'हॅव यू एव्हर'ने सुरू होणारे प्रश्न ओळीने येतात आणि बहुतेकांचं उत्तर 'नो' असतं. पंधरावीस वेळा 'नो' म्हटल्यावर जीभ त्याच रुळावर जाते. मग शपथेचे प्रश्न येतात: अमेरिकेच्या राज्यघटनेला पाठिंबा आहे का, शपथ घ्यायला तयार आहात का, कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र घ्याल का. ज्यांची तयारी आहे त्यांचं उत्तर इथे 'येस' असतं, आणि नेमक्या इथे अनेक जण सवयीने 'नो' म्हणतात. सरावात हे दोन गट मुद्दाम मिसळून विचारा. सत्तरीच्या आजीला 'शस्त्र उचलाल का' विचारलं की तिला हसू येतं. प्रश्न सगळ्यांना असतो, वयाकडे बघून गाळत नाहीत.

तिसरं, शब्दांचे अर्थ. 'येस' म्हटल्यावर अधिकारी विचारू शकतो, 'ओथ म्हणजे काय?' मराठीत अर्थ माहीत असून भागत नाही, सोप्या इंग्रजीत सांगता आला पाहिजे. ओथ: अ प्रॉमिस टू टेल द ट्रूथ. अलीजन्स: लॉयल्टी टू द कंट्री. डिपोर्टेड: सेंट बॅक बाय द गव्हर्नमेंट. फॉर्ममधले असे पंचवीस-तीस शब्द निवडा आणि प्रत्येकाला चार-पाच शब्दांचं उत्तर ठरवा. लांबलचक व्याख्या नकोत.

पुणेकरांच्या बाबतीत तीन प्रश्न जास्त बारकाईने बघा.

सैन्य आणि शस्त्रप्रशिक्षण. फॉर्म विचारतो, कधी सैनिकी किंवा शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलंय का? कॉलेजात एनसीसी होती, फायरिंग रेंजवर रायफल चालवली, तर उत्तर 'येस' आणि पुढे एक ओळ: कुठल्या साली, कुठे, विद्यार्थी म्हणून. सैन्यातून निवृत्त झालेले इथे खूप. त्यांनी सेवेची तारीखवार माहिती आणि डिस्चार्जचे कागद जवळ ठेवावेत. भारतीय सैन्यात होतो म्हणून नागरिकत्व अडत नाही. सांगायचं राहिलं तर अडू शकतं.

मतदान. अमेरिकेत कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, मत दिलंय का? ड्रायव्हिंग लायसन्स काढताना काउंटरवर 'व्होटर म्हणून नोंदवू का?' विचारतात आणि आपण नेहमीप्रमाणे 'येस' म्हणतो. नागरिक नसताना ही नोंद म्हणजे गंभीर गोष्ट आहे. शंका असेल तर तपासून घ्या आणि अर्जाआधी वकिलाशी बोला. पुण्यात दिलेल्या मताचा या प्रश्नाशी संबंध नाही, तो अमेरिकेतल्या निवडणुकांबद्दल आहे.

पक्ष. कम्युनिस्ट किंवा हुकूमशाही पक्षाशी जगात कुठेही संबंध होता का? तरुणपणी डाव्या पक्षाचे कार्डधारक असलेले लोक पुण्यात आहेतच. त्यांनी वकिलाशिवाय हा रकाना भरू नये.

मुलगे आणि जावई यांच्यासाठी एक आडवी सूचना: ज्यांना सव्विसाव्या वर्षाआधी ग्रीन कार्ड मिळालं त्यांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे गरज पडल्यास सैन्यात बोलावण्यासाठीच्या यादीत, नोंद झाली होती का, ते बघावं.

*तपासा:* घरातल्या कोणीतरी फॉर्मवरचे प्रश्न क्रम बदलून, थोडे शब्द बदलून विचारावेत. उत्तर फॉर्मवर लिहिल्याप्रमाणेच येतंय? पत्ते, नोकरीची वर्षं, मुलांच्या जन्मतारखा, प्रवास? दर आठवड्याला एक व्हिडिओ कॉल एवढ्यासाठी ठेवा. आपली सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, वेळ जुळते.

पायरी ७: आता ते १२८ प्रश्न

परीक्षा तोंडी असते, पर्याय देत नाहीत. म्हणून वाचून पाठ करण्यापेक्षा ऐकून पाठ करा. मुलाच्या मराठी वळणाच्या इंग्रजीची सवय झाली तर अमेरिकन अधिकाऱ्याचा पहिलाच प्रश्न निसटतो. अधिकृत ध्वनिफिती फोनवर घ्या, सकाळी तळजाईवर फिरताना कानात लावा.

क्रमाने पाठ करू नका. प्रश्न क्रमाने येत नाहीत. गट करा. आकड्यांचा गट एकत्र: सिनेटर १००, मुदत ६ वर्षं; हाउसचे, म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे, मताचा अधिकार असलेले सदस्य ४३५, मुदत २ वर्षं; राष्ट्राध्यक्ष ४ वर्षं; सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश ९; घटनादुरुस्त्या २७, त्यातल्या पहिल्या दहा म्हणजे बिल ऑफ राइट्स. सालांचा गट: १७७६ स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७८७ राज्यघटना, १९२० स्त्रियांना मतदान.

आपल्या शाळेत शिकलेलं नागरिकशास्त्र इथे मदत करतं आणि घातही. राज्यसभा सहा वर्षांची, सिनेटही सहा. ते पटकन बसतं. पण 'हाउस म्हणजे लोकसभा' असं डोक्यात घेतलं की तोंडून 'पाच वर्षं' निघतं. आपल्या घटनादुरुस्त्यांनी शंभरी कधीच ओलांडली, त्यामुळे २७ हा आकडा खोटा वाटतो. आणि आपला राष्ट्रपती व त्यांचा राष्ट्राध्यक्ष यांची कामं सारखी धरली तर कार्यकारी सत्तेवरचे सगळे प्रश्न एकदम कोसळतात. तिकडे पंतप्रधान नाही, सरकार राष्ट्राध्यक्षच चालवतो.

राज्याची राजधानी हा हमखास विकेट घेणारा प्रश्न. मोठं शहर ते राजधानी, ही मुंबईची सवय. न्यूयॉर्कची ऑल्बनी, कॅलिफोर्नियाची सॅक्रामेंटो, टेक्ससची ऑस्टिन, इलिनॉयची स्प्रिंगफील्ड, वॉशिंग्टन राज्याची ऑलिम्पिया, न्यू जर्सीची ट्रेंटन.

राज्यपाल, तुमच्या राज्याचे सिनेटर, हाउसमधला तुमचा प्रतिनिधी, सभापती: ही उत्तरं निवडणुकीप्रमाणे बदलतात. ती छापील वहीत पक्क्या शाईने लिहू नका. मुलाखतीच्या आठवड्यात अधिकृत पानावर पुन्हा बघा, आणि अमेरिकेतल्या तुमच्या पत्त्याप्रमाणे बघा.

काही प्रश्नांना एकाहून जास्त उत्तरं द्यायची असतात. 'नेम टू', 'नेम थ्री' हे शब्द कानाला पकडायला शिका. आणि मागितलं तेवढंच सांगा. निवृत्त शिक्षकांना एक प्रश्न विचारला की तास सुरू होतो. बरोबर उत्तर देऊन पुढे चूक जोडण्यात काय अर्थ?

पायरी ८: वाचन आणि लेखन

हे सोपं आहे, पटकन उरकू. टॅब्लेटवर तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं आणि सांगितलेल्या तीनपैकी एक नीट लिहायचं. शब्दांच्या अधिकृत याद्या आहेत: वॉशिंग्टन, लिंकन, सिटिझन, कॅपिटल, सणांची नावं. लेखनात छोट्या स्पेलिंगच्या चुका चालतात, अर्थ कळला पाहिजे. संक्षेप मात्र करू नका, 'युनायटेड स्टेट्स' पूर्ण लिहा. वाचताना मध्ये लांब थांबू नका. टॅब्लेटवर पेनने लिहायची सवय नसेल तर नातवाच्या टॅब्लेटवर आठ दिवस गिरवा.

पायरी ९: मुलाखतीचा दिवस

न्यायचं ते: मुलाखतीचं पत्र, ग्रीन कार्ड, जुने-नवे सगळे पासपोर्ट, राज्याचं ओळखपत्र, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, लग्नाचा दाखला, असल्यास कोर्टाचे कागद, आणि फॉर्मची प्रत. अर्जानंतर बदललेल्या गोष्टींची एक चिठ्ठी: नवा प्रवास, नवा पत्ता.

खोलीत गेल्यावर बसू नका. आधी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ होते, मग बसायचं. मुलगा बहुतेक बाहेरच थांबेल. सवलतीत दुभाषा चालणार असेल तर तो मराठी आणि इंग्रजी दोन्ही अस्खलित बोलणारा हवा, त्याने तुमचे शब्द जसेच्या तसे सांगायचे, स्वतःची भर घालायची नाही. घरच्या माणसाला हे जमत नाही, तो मध्येच तुमच्या वतीने उत्तर देतो. शक्यतो बाहेरचा माणूस बघा.

प्रश्न कळला नाही तर 'सॉरी, कुड यू प्लीज रिपीट दॅट?' असं विचारायची पूर्ण मुभा आहे. दुसऱ्यांदाही कळला नाही तर वेगळ्या शब्दांत विचारायला सांगा. अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. फॉर्ममध्ये चूक राहिल्याचं लक्षात आलं तर सुरुवातीलाच 'आय वॉन्ट टू करेक्ट समथिंग' म्हणा.

*सावध:* सहीसाठी दिलेल्या पानावर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख वाचल्याशिवाय सही करू नका. तेच प्रमाणपत्रावर छापून येतं.

पायरी १०: निकाल, शपथ आणि भारतीय पासपोर्ट

निकालाचा कागद हातात मिळतो. 'कंटिन्यूड' आलं म्हणजे नापास नव्हे. बहुधा एखादा कागद हवा असतो. परीक्षेचा एखादा भाग राहिला तर ६० ते ९० दिवसांत तेवढ्याच भागाची दुसरी संधी मिळते. अर्ज नाकारला तर ३० दिवसांत एन-३३६ भरून फेरसुनावणी मागता येते.

मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झालात असं नाही, शपथविधी झाल्यावरच. तिथे ग्रीन कार्ड परत घेतात आणि प्रमाणपत्र देतात. खुर्चीवरून उठण्याआधी त्यावरची अक्षरं तपासा. मग त्याच्या प्रती काढून ठेवा, कारण अमेरिकन पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं आणि त्याच काळात ओसीआयच्या, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या, कामाला प्रत लागते.

आता गणपतीचं तिकीट. शपथ झाली त्या क्षणी, १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, तुमचं भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्टवर दहा वर्षं शिल्लक असली तरी त्यावर प्रवास करायचा नाही, तो गुन्हा आहे. ग्रीन कार्ड गेलेलं, अमेरिकन पासपोर्ट अजून आलेला नाही: मधले काही आठवडे तुमच्याकडे प्रवासाचा एकही कागद नसतो. म्हणून शपथेची तारीख येईपर्यंत पुण्याचं तिकीट काढू नका.

क्रम असा: अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय. ओसीआय यायला वेळ लागतो. दरम्यान यायचंच असेल तर अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा काढून या. पुण्यातला फ्लॅट तुमचाच राहतो. शेतजमीन मात्र ओसीआयधारकाला विकत घेता येत नाही. मावळ-मुळशीत तुकडा घ्यायचा विचार असेल तर हे आधी बघा. वारशाने आलेली ठेवता येते. बँकेत केवायसी बदला. आणि मतदार यादीतून नाव कमी करण्यासाठी फॉर्म ७ भरा. यादीत नाव दिसतंय म्हणून पुढच्या निवडणुकीला शाई लावून घेऊ नका.